मशीनची ओटी

तुम्ही दोघांनी पाठवलेला फोटो बघितला. तुमच्या तिकडच्या कॉफीच्या दुकानात शिवणमशीनच्या लोखंडी स्टँडांवर काचा टाकून टेबलं केली आहेत आणि लोक पायडलवर चिखलाचे बूट ठेवून कॉफी पीत आहेत. धाकट्यानं खाली लाल बदाम टाकला आहे. मोठीनं विचारलं आहे, "आजी, आपल्याकडे पण अशी एक होती ना? किती जुनी आहे? माझ्यासाठी ठेवशील?"

होती नाही, आहे. आणि ठेवली आहे. पण ती ठेवण्यासाठी मला गेल्या उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत काय काय करावं लागलं, हे व्हिडिओ कॉलवर सांगण्यात अर्थ नाही. तिथे तुम्ही मान डोलावता आणि डोळे दुसऱ्याच पडद्यावर असतात. म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला वेळ लागतो अशी कुरकूर करू नका. लागू दे वेळ.

मशीन माझ्या सासूबाईंची, म्हणजे तुमच्या पणजीची. रायपूरला तात्यापाऱ्यातल्या आपल्या गल्लीत जेवढी मराठी घरं होती, तेवढ्या घरांतली पोलकी, परकर, झबली त्याच मशीनवर शिवली गेली. मी लग्न होऊन या घरात आले ती इंग्रजीत एम. ए. होऊन. पहिल्याच आठवड्यात कौतुकानं मशीनच्या चाकाला हात लावला, तर सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "हात नको लावू त्याले! तू कॉलेजात पोट्टे शिकव. इंग्रजीवाल्या बायांच्या हातानं दोरा तुटते."

त्या जिवंत होत्या तोवर मी पुन्हा हात लावला नाही. कुणीच लावला नाही. मशीन पुढे कुणाला द्यायची असं कुणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "जी चालवील तिची. बाकीच्यायनं नमस्कार करा."

बाकीच्यांनी तेच केलं. तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे आम्ही जबलपूरला होतो. सासूबाई गेल्यावर तात्यापाऱ्याचं घर बरीच वर्षं बंद राहिलं. किल्ली असायची तुमच्या आजोबांच्या बहिणीकडे, माझ्या नणंदेकडे. त्या राहतात समता कॉलोनीत. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी. आमचं एकमेकींशी बोलणं कायम गोड असतं, त्यावरून काय ते समजा. वन्सं अधूनमधून येऊन घर झाडून जात आणि दर खंडेनवमीला न चुकता येऊन आईच्या मशीनची पूजा करत. आम्ही परत राहायला आलो, तेव्हा मशीनचं चाक जागचं हलत नव्हतं.

"आई गेली त्याच दिवशी थांबली ती," वन्संनी मला सांगितलं. "तवापासून चाक फिरलं नाही वहिनी. जीव होता तिचा आईवर."

ही गोष्ट तात्यापाऱ्यापासून समता कॉलोनीपर्यंत प्रत्येक हळदीकुंकवात सांगून झालेली होती. ऐकणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावत. मी जन्मभर विद्यार्थ्यांच्या सबबी ऐकल्या आहेत. एवढी गुळगुळीत सबब आली, की तिच्यामागे काहीतरी निष्काळजीपणा असतोच. पण मशीन बंद होती आणि मला तिचं काही करायचं नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही. तिच्यावर टीव्ही ठेवला नाही, एवढीच माझी तेव्हाची सेवा.

गेल्या उन्हाळ्यात वन्संचा मुलगा घरी आला. माझा भाचा. नवं घर बांधत होता, दसऱ्याला गृहप्रवेश. त्या घराचं वर्णन त्यानं अर्धा तास केलं. पाहुण्यांनी हात धुवायच्या खोलीला तो 'पावडर रूम' म्हणतो. मी विचारलं, तिथे पावडर ठेवणार आहेस का? तर म्हणाला, "नहीं मामी, बेसिन. और बेसिन के नीचे नानी की मशीन का स्टँड. एकदम अँटीक लुक."

मराठी त्याला सगळं समजतं. उत्तर मात्र हिंदीतच येतं.

"आणि वरची मशीन?"

"वो शोकेस में. या फिर किसी को दे देंगे. चलती तो है नहीं."

वन्सं शेजारीच होत्या. म्हणाल्या, "देऊन टाका न वहिनी. आईचीच वस्तू, नातवाच्या घरी जाईल. इथं धूळ खाऊन राहिली. तुम्ही काहून अडवून राहिल्या?"

आता पोरांनो, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चांगल्या वस्तूची तोडफोड करून तिला शोभेची वस्तू म्हणायचं, हे मला कधी पटलेलं नाही. त्यातून पाहुण्यांच्या गुळण्यांच्या पाण्याखाली सासूबाईंचं पायडल! ज्या पायडलवर मला पाय ठेवू दिला नाही, तिथे गृहप्रवेशाला आलेले लोक चप्पल टेकवणार. शिवाय मोठीनं मशीन लहानपणी मागून ठेवलेली, आता तिला आठवत नसलं तरी. मी म्हटलं, "सासूबाई काय म्हणायच्या? जी चालवील तिची. मी चालवून दाखवली तर?"

वन्सं हसल्या. मोठ्यानं नाही, त्यांना सभ्यपणे हसता येतं. "तुम्ही? चालवा न. नवमीपर्यंत चालली तर तुमची, तुमच्या नातीची. नाही चालली तर दसऱ्याला पोराच्या घरी."

"मंजूर," मी म्हटलं.

भाचा म्हणाला, "मामी, यूट्यूब देख लेना." आणि त्यानं जाताना टेप काढून स्टँडची रुंदी मोजली.

यूट्यूबही बघितलं. तिथे एक गृहस्थ जुनी मशीन पाण्याच्या फवाऱ्यानं धुतात आणि तिला 'नवजीवन' देतात. एक बाई स्टँडला गुलाबी रंग देऊन रडतात. मग मी जुन्या मशीनच्या हौशी लोकांच्या एका गटात फोटो टाकला आणि विचारलं, ही कुठली? उत्तरं भरपूर आली. एकानं जर्मन म्हटलं, एकानं अमेरिकन. एकानं मशीनकडे न बघता मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची चौकशी केली. आमच्या घरातली पारंपरिक माहिती तर आणखी भारी होती: रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या मेमनं हिंदुस्थान सोडताना सासूबाईंना मशीन भेट दिली, गळ्यात पडून रडली वगैरे. मेमसाहेब तात्यापाऱ्यात कुणाच्या गळ्यात पडायला आली असेल, हे मी कधी विचारलं नाही.

खरी ओळख मशीन स्वतःच सांगते, हे थोडं नीट वाचल्यावर कळलं. तुम्हीही लक्षात ठेवा. मशीनच्या पायथ्याशी, उजवीकडे, खांब जिथे उभा राहतो तिथे एक छोटी पट्टी असते किंवा लोखंडातच नंबर ठोकलेला असतो. आकड्यांच्या आधी एखादं अक्षर असतं. त्या अक्षरावरून कारखाना समजतो आणि आकड्यावरून साधारण काळ. नेटवर तसे तक्ते आहेत. फक्त आपल्या मशीनचा नंबर दिसत नव्हता, कारण बरोबर त्याच जागी वन्सं इतकी वर्षं कुंकू लावत आल्या होत्या. पाच बोटांचं हळदीकुंकू, त्यावर गंध, त्यावर पुढच्या वर्षीचं हळदीकुंकू. त्याचा चांगला जाड खपला झाला होता. मशीनचं नाव विचारायला जावं तर तिच्या तोंडावर मळवट.

तो काढायला मी ओलं फडकं वापरलं नाही. काळ्या रंगावर जी सोनेरी वेलबुट्टी असते ती पाण्यानं, साबणानं, स्पिरिटनं निघून येते. मशीनचंच तेल कापसावर घ्यायचं, थेंबभर, आणि हळूहळू गोल फिरवत राहायचं. कंटाळा आला की उठायचं, उद्या पुन्हा बसायचं. असा नंबर वर आला. तक्त्याशी ताडून पाहिला. मशीनचं डोकं स्कॉटलंडमध्ये घडलेलं, तुमच्या पणजीच्या जन्माच्याही आधीचं. म्हणजे सासूबाईंकडे ती आली तेव्हाच जुनी होती. मेमसाहेबनं दिली असेल, लिलावात घेतली असेल, मशीन त्याबद्दल काही सांगत नाही.

सरकपट्टीवरूनही ओळख पटते. नव्या मशीनमध्ये गोल बॉबिन असते. आपल्या मशीनमध्ये सुईच्या डावीकडे लोखंडी पट्ट्या सरकतात आणि खाली होडीसारखं लांबुळकं शटल असतं. ते पाळण्यासारखं पुढेमागे झुलतं. त्या शटलच्या पोटात बारीक लांब बॉबिन. हे सगळं मी पुस्तकी वाचलं, कारण आपल्या मशीनच्या पट्ट्या तेव्हा सरकतच नव्हत्या.

स्टँडची ओळख मात्र सोपी निघाली आणि मला फार आनंद देऊन गेली. दर दिवाळीला खिडक्यांचे गज रंगवून उरलेला रंग वन्संनी स्टँडला दिला होता. वर हिरवा, खाली चॉकलेटी, त्याखाली पुन्हा हिरवा. मी मधल्या जाळीवरचा रंग खरवडला तर आतून ओतीव अक्षरं वर आली: लुधियाना. डोकं स्कॉटलंडचं आणि पाय पंजाबचे. मूळ स्टँड कधीतरी मोडला असेल, सासूबाईंनी मिळाला तो बसवला असेल. त्या काही अँटीक लुकसाठी शिवत नव्हत्या.

मी भाच्याला फोन केला. "तुझा विलायती स्टँड लुधियान्याचा आहे रे."

तो म्हणाला, "तो क्या हुआ मामी, नीचे झुक के कौन पढ़ेगा?"

या एका वाक्यात त्याचं अख्खं घर आलं.

मग मिस्त्री. तात्यापाऱ्यात कोपऱ्यावर मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. तो घरी आला, मशीनकडे मोटारसायकलकडे बघावं तसं बघितलं आणि पहिलं काम काय केलं असेल, तर चाकावर हातोडी मारली.

"अहो, काय करताय?"

"जाम है दीदी. झटका देना पड़ता है."

"तुम्ही आत उघडून बघितलं का?"

"देखना क्या है? मोटर लगवा लो. हव बोलो, कल बैठा देता हूँ. पैर का काम ही खतम." असं म्हणता म्हणता त्यानं खिशातून थिनरची बाटली काढली आणि मी उठेपर्यंत मशीनच्या कोपऱ्यावर फडकं फिरवलं. "देखो, चमक गया न?"

चमकलं खरं. वेलीचं सोनेरी फूल त्याच्या फडक्यावर आणि मशीनवर नुसता काळा डाग. ते फूल शंभर वर्षं हळद, कुंकू, रंग, उंदीर सगळ्यांना पुरून उरलं होतं. याच्या कौशल्यापुढे टिकलं नाही. मी त्याला चहाही दिला नाही. मोठी, तू मशीन बघशील तेव्हा उजवा कोपरा बघ. कुठल्याही माणसाला आत्मविश्वासाच्या जोरावर घरात घेऊ नये, याची आठवण म्हणून तो तसाच ठेवला आहे.

मिस्त्री गेल्यावर मी ठरवलं, आता स्वतःच. आपण शहाण्या माणसासारखं एकेक करायचं. मशीन का अडते? गंज असेल किंवा तेल चिकट झालं असेल. गंज दिसत नव्हता. मी तेलाच्या भोकांत काडीला कापूस लावून फिरवला, तर पिवळट मेणासारखं काहीतरी आलं. वास घेतला. खोबरेल!

वन्संना फोन लावला. "वन्सं, मशीनला तेल कुठलं घालायच्या तुम्ही?"

"चांगलं घालायची हो. खोबरेल. शुद्ध. देवापुढं लावते तेच."

"ते केसांना लावतात वन्सं."

"मग? केसाले चालते ते लोखंडाले काहून नाही चालणार?"

मी शास्त्र सांगू लागले की खोबरेल थंडीत गोठतं आणि जुनं झालं की डिंकासारखं धरतं. त्या म्हणाल्या, "आईला कधी धरलं नाही बुवा." सासूबाई मशीनचंच तेल वापरायच्या, पण ते सांगून उपयोग नव्हता. श्रद्धेला बाटलीवरची चिठ्ठी वाचायची सवय नसते.

रायपूरच्या मे महिन्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी ऐकलेलं नाही. मला त्याचा उपयोग झाला. मशीनचं डोकं स्टँडवरून उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. दुपारी आतलं खोबरेल पातळ व्हायचं. तेव्हा भोकांतून रॉकेलचे थेंब सोडायचे, फडक्यानं पुसायचं, संध्याकाळी मशीनचं तेल घालायचं. गच्चीवर जाऊन पापडासारखी मशीन वाळवणारी म्हातारी शेजारच्या गच्चीवरच्या लोकांना फार करमणुकीची वाटली. "दीदी, मशीन का अचार डाल रहे हो क्या?" असं एकीनं विचारलंही. मी म्हटलं, हो, पुढच्या वर्षी चाखायला या.

चाक थोडं हललं. अर्धा वळसा जायचं आणि टक्क करून थांबायचं. तेल कितीही घाला, बरोबर त्याच जागी टक्क. म्हणजे आता चिकटपणाचा प्रश्न नव्हता, आत काहीतरी अडलेलं होतं. सरकपट्टीच्या फटीत तेल सोडून ठेवलं आणि एका सकाळी स्वेटर विणायच्या सुईनं रेटून ती पट्टी मागे सारली.

आत तांदूळ होते.

चार दाणे नव्हे. शटलची अख्खी खाच हळदीच्या तांदळानं दाबून भरलेली होती. खोबरेलात भिजून त्याची काळीपिवळी वडी झाली होती, मध्ये किड्यांची टरफलं, आणि त्या वडीत रुतलेलं एक अख्खं हळकुंड. शटल त्या हळकुंडाला जाऊन धडकत होतं आणि थांबत होतं.

मी गच्चीवर एकटीच मोठ्यानं हसले. हे मी ओळखायला हवं होतं. आमच्या घरात खंडेनवमीला मशीनची ओटी भरतात. बाकीच्या घरांतल्या अवजारांना फूल, गंध, फार तर झेंडूची माळ. आमच्याकडे सासूबाई सरकपट्टी उघडून मशीनच्या पोटात मूठभर अक्षता, सुपारी आणि हळकुंड घालायच्या. बाईमाणसासारखी मशीनची ओटी, कारण ती घरातल्या लेकीबाळींना कपडे घालते. त्या दिवशी मशीन चालवायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला, अंघोळ झाल्या झाल्या, सासूबाई मशीन पालथी करून सगळी ओटी काढायच्या. मी सून म्हणून घरात होते, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. रंगाच्या ब्रशनं दाणा न् दाणा झटकायच्या, खिडकीत चिमण्यांना टाकायच्या, मग तेल घालायच्या. ते सगळं निमूटपणे, कुणाला न सांगता.

वन्सं सासरहून यायच्या नवमीला. पुरणपोळी खाऊन संध्याकाळी परत. त्यांनी आयुष्यात फक्त ओटी भरताना बघितली होती, काढताना कधीच नाही. आई गेल्यावर त्यांनी भक्तिभावानं आईची रीत चालवली. पट्टी सरकत होती तोवर दरवर्षी एक मूठ तांदूळ घातले, वर शुद्ध खोबरेल ओतलं, नमस्कार केला आणि घराला कुलूप लावून गेल्या. म्हणजे सासूबाईंच्या जाण्यानं मशीन थांबली नव्हती. तिला तिच्या लेकीनं जेवू घालून घालून मारलं होतं.

मी ती वडी काचेच्या बरणीत भरून ठेवली. मला पुरावे नीट ठेवायची सवय आहे.

खाच साफ झाल्यावर चाक लोण्यासारखं फिरलं. शटल झुलायला लागलं. पण मशीन चालणं आणि मला चालवता येणं यात फार अंतर निघालं. डोकं परत स्टँडवर चढवून चामड्याची नवी वादी बसवली. पायडलवर पाय ठेवला की चाक उलटं जायचं आणि दोरा आत जाऊन गुंता व्हायचा. मी जन्मभर भाषेचं व्याकरण शिकवलं आहे. पायाला व्याकरण शिकवणं त्याहून अवघड आहे. दोन्ही पावलं, एक पुढे एक मागे, टाच आणि चवडा आळीपाळीनं, आणि चाकाला सुरुवातीचा हात स्वतःकडे. आधी दोरा न ओवता जुन्या वर्तमानपत्रावर शिवायचं. पावसाळाभर मी छापील बातम्यांना भोकं पाडली, त्यांची तीच लायकी होती. मग तुमच्या आजोबांच्या जुन्या पायजम्यांवर आले. पहिली शिवण अशी वाकडी, की आजोबा असते तर घालून मुद्दाम गल्लीत फिरून आले असते. मधूनच दोरा तुटायचा आणि मला सासूबाईंचा आवाज ऐकू यायचा. तो ऐकला की मी आणखी थोडा वेळ बसायचे. त्यांचं म्हणणं खरं ठरू द्यायची माझी तयारी नव्हती.

खंडेनवमीला वन्सं आल्या, हातात पूजेचं ताट. भाचाही आला, सोबत टेम्पो घेऊन. टेम्पो खाली उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. हा माझ्या शब्दावरचा विश्वास!

मशीनवर मी शिवलेली खोळ घातली होती, जाड निळ्या कापडाची. वन्संनी ती उचलली आणि सवयीनं सरकपट्टीकडे हात नेला.

"थांबा," मी म्हटलं. "आज चालवायची नसते, मला माहीत आहे. पण पूजेआधी एक शिवण. आपलं ठरलं होतं."

बसले. कापड सरकवलं, चाकाला हात दिला, पाय चालू केले. वीतभर शिवण. सरळ. पुन्हा वळवली, परतीची शिवणही सरळ. दोरा तुटला नाही.

वन्सं खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "आई परत आली वहिनी! हाच आवाज."

"आई नाही आली वन्सं. तांदूळ गेले."

बरणी समोर ठेवली. त्यांनी हळकुंड बघितलं आणि लगेच ओळखलं. "हे तर मीच घातलेलं."

"दरवर्षी. आणि काढलं कुणी नाही. सासूबाई दसऱ्याला सकाळी मशीन पालथी करून सगळं काढायच्या. ब्रशनं. चिमण्यांना टाकायच्या."

"मले काहून नाही सांगितलं आईनं?"

"तुम्ही पुरणपोळी खाऊन जायच्या."

भाच्याला सगळं उशिरानं समजतं, पण समजल्यावर तो थांबत नाही. "मतलब मम्मी, मशीन आपने बंद की? और इतने साल सबको बोल के रुला रहे थे?"

"तू चूप बस!" वन्संनी त्याला झापलं. मग बरणी उचलून उजेडात फिरवून फिरवून बघितली. मी गोड काही बोलले नाही. तेवढी फुरसत त्यांना मिळायला हवी होती. शेवटी म्हणाल्या, "पण ओटी तर भरावीच लागेल. सणाच्या दिवशी रिकामी कशी ठेवणार?"

हे त्या म्हणणार, याची मला खात्री होती. म्हणून खोळ शिवताना मी तिला पुढच्या बाजूनं एक मोठा खिसा लावला होता. या मशीनवर मी शिवलेली पहिली वस्तू ती खोळ आणि तो खिसा. "इथे भरा," मी म्हटलं. "पोटात एक दाणा जाता कामा नये. आणि उद्या सकाळी अंघोळ करून इकडे या, काढायला."

"उद्या गृहप्रवेश आहे."

"मग त्याच्या आधी या."

त्यांनी खिशात अक्षता, सुपारी, हळकुंड घातलं, खोळीलाच कुंकू लावलं, नमस्कार केला. मग भाच्याला सांगितलं, "मशीन वहिनीच्या नातीची झाली." टेम्पो रिकामा गेला. दसऱ्याला सकाळी वन्सं खरंच आल्या, नवी पैठणी नेसून, घाईत. खिसा उलटा करून तांदूळ खिडकीत टाकले. चिमण्या आता तात्यापाऱ्यात दिसत नाहीत, कबुतरांनी खाल्ले.

भाच्यानं नवमीच्याच संध्याकाळी भनपुरीच्या एका कारखान्यातून तयार असलेला नवाकोरा 'जुना' स्टँड उचलून आणला होता. त्याला गंजाचा रंगसुद्धा देऊन मिळतो म्हणे. गृहप्रवेशाला पाहुण्यांना त्यानं सांगितलं, "नानी का है." मी हात धुतले आणि वाकून बघितलं. झुकून वाचणारी मी एकटीच होते, आणि वाचायला तिथे काही नव्हतं.

वन्संनी आता हळदीकुंकवातली गोष्ट बदलली आहे. आईनं स्वप्नात येऊन वहिनीला तांदूळ काढायला सांगितलं, असं त्या सांगतात. शिवाय दर आठवड्याला फॉल लावायला साड्या घेऊन येतात, आणि मी लावते, आणि त्या शेजारी बसून शिवण वाकडी आहे असं सांगतात. आता फारशी वाकडी नसते.

तेव्हा मोठी, तुझं उत्तर. मशीन ठेवली आहे, आणि वन्संनी साक्षीदारांसमोर तुझी म्हणून मान्य केली आहे. पण अट सासूबाईंचीच: जी चालवील तिची. तू इथे येशील तेव्हा मी तुला आधी वर्तमानपत्र देईन, मग आजोबांचा उरलेला एक पायजमा. दोरा तुटला तर मी ओरडणार नाही, पण हसेन. मशीनचंच तेल घालायचं, खोळ काढून ठेवायची नाही, सणाचे तांदूळ खिशात आणि दुसऱ्या दिवशी खिडकीत. आणि तिच्यावर काच टाकून कॉफी प्यायचा विचार असेल, तर तुझ्या त्या दुकानातच जाऊन पी. धाकट्यानं शिकायचं म्हटलं तरी चालेल. चालवणारा मुलगा असला तरी मशीनला काही फरक पडणार नाही.